फास्टर फेणे आणि मसूर स्टेशनवरची चार पोरं

कल्याण पूर्वेला वालधुनीच्या काठच्या एका वस्तीत आमचं बुद्धविहार आहे. वर पत्रा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली दोन सतरंज्या, कोपऱ्यात पुस्तकांचं एक लोखंडी कपाट. रविवारी वंदना झाली की पाचवी ते आठवीची पोरं तिथंच बसतात आणि मी त्यांचा अभ्यास घेतो. २०२३ च्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी म्हटलं, आज गणित नको. आज प्रत्येकानं एक साहसकथा लिहायची. आपल्या मनची. कुठून उतरवून काढायची नाही.

पोरं खूश. तासाभरानं वह्या गोळा केल्या, घरी आणल्या आणि वाचायला बसलो.

एका गोष्टीचा नायक अनिकेत कुलकर्णी. दुसरीचा रोहन देशपांडे. तिसरीत आर्या जोशी आणि तिचा कुत्रा. सगळे बंगल्यात राहतात. सगळ्यांना उन्हाळ्याची सुट्टी आहे आणि कोकणात आजोबांचा वाडा आहे. वाड्यात भुयार, भुयारात पेटी. एकाचा काका पोलीस इन्स्पेक्टर. ज्या पोराचा बाप महापालिकेत कंत्राटावर झाडू मारतो, त्याच्या नायकाचा बाप शास्त्रज्ञ. पुन्हा पुन्हा वह्या चाळल्या. एकही गायकवाड नाही, एकही कांबळे नाही, एकही वाघमारे नाही. एकही पोर पत्र्याच्या घरातून साहसाला निघालेलं नाही. वालधुनी नाही, कोळसेवाडी नाही, कल्याणचं यार्ड नाही.

मित्रांनो, ह्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं की नायक कुलकर्णीच पाहिजे. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्यांनी ते आपणहून लिहिलं. जयंतीला हीच पोरं सगळ्यांत पुढं नाचतात. घोषणा पाठ आहेत. पण कल्पनेत शिरायची वेळ आली तेव्हा स्वतःला दाराबाहेर ठेवून आत गेली. जात चोरण्याचं दुःख आपण बाबुराव बागुलांपासून वाचत आलो. ही जातचोरी नोकरीसाठी नव्हती, भाड्याच्या खोलीसाठी नव्हती. एका गोष्टीपुरती होती. म्हणून ती मला जास्त लागली.

हे आलं कुठून, याचा विचार करू लागलो आणि थेट माझ्या लहानपणी जाऊन पोचलो.

१९७७-७८ साल असेल. मी सहावीत. कल्याण स्टेशनाबाहेर रद्दीवाल्याच्या ढिगात मला एक फाटकं पुस्तक मिळालं. सायकलवर एक हडकुळा पोरगा. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे. मी तोवर जोडाक्षराला अडखळणारा पोरगा. मास्तर वाचायला उभं करतील म्हणून शेवटच्या बाकावर बसणारा. पण त्या सायकलीमागं पळता पळता माझं अडखळणं कधी गेलं ते मला कळलं नाही. पुस्तकाची शेवटची पानं नव्हती. चोर सापडला की नाही, हे मी स्वतःच ठरवून एका जुन्या वहीत लिहून काढलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं लेखन. तेव्हा भा. रा. भागवतांचं माझ्यावर ऋण आहे, हे आधी कबूल करतो आणि मगच पुढं बोलतो.

भागवत (१९१०-२००१) हा मोठा माणूस. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठी पोरांपुढं आणला, ‘बालमित्र’ मासिक चालवलं, फास्टर फेणेची वीसेक पुस्तकं लिहिली. मराठी बालवाङ्मयात तेव्हा बोधाचा फार सुकाळ. पोरगा खोटं बोलला की शेवटच्या पानावर पस्तावायचाच. भागवतांनी बोध बाजूला ठेवला आणि पोराला पळू दिलं. त्यांचं वाक्य हलकं, पोराच्या तोंडात मावणारं. फेणे श्रीमंत नाही, पैलवान नाही, खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला. २०१७ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, त्यात तो मोठा होऊन डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला दाखवलाय. म्हणजे गडी अजून पळतोच आहे. एवढी वर्षं उगाच कुणी पळत नाही.

पण आता साठीच्या घरात आल्यावर मी ती पुस्तकं पुन्हा वाचली आणि एक गोष्ट दिसली. ह्या साहसाच्या खाली एक फरशी घातलेली आहे. ती पोराला दिसत नाही, कारण तो तिच्यावरूनच पळतो.

पहिली गोष्ट, उघडं दार. फेणे कुणाच्याही घरात, वाड्यात, बंगल्यात शिरतो. त्याला कुणी अडवलं तर तो चोरांचा माणूस असतो. ‘कुणाचा रे तू?’ असं त्याला विचारलं तर तो आपलं नाव सांगतो आणि गोष्ट पुढं सरकते. आपल्याकडं ‘कुणाचा रे तू?’ ह्या प्रश्नाचं उत्तर दिलं की गोष्ट तिथंच थांबते.

दुसरी गोष्ट, पोलीस. फेणेचा संशय शेवटी खरा ठरतो आणि कायदा त्याच्या बाजूनं धावून येतो. आमच्या वस्तीतला पोरगा रात्री सायकलवरून सुसाट निघाला तर हवालदार आधी विचारील, सायकल कुणाची?

तिसरी गोष्ट, सुट्टी. साहसाला मोकळा वेळ लागतो. आमच्या पोरी सुट्टीत आईबरोबर डोंबिवलीच्या सोसायट्यांत भांड्याला जातात. पोरं बापाबरोबर नाक्यावर उभी राहतात.

भागवतांनी हे कुणाला बाहेर ठेवायचं म्हणून केलं, असं मी म्हणत नाही. त्यांना जो रस्ता मोकळा होता त्यावरून त्यांनी आपला पोरगा सोडला. पण आमच्या पोरानं तोच रस्ता धरायचा म्हटलं, तर त्याला आधी कुलकर्णी व्हावं लागतं. माझ्या पोरांनी वहीत हेच केलं. ती हुशार आहेत. गोष्ट चालायला काय लागतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं. आडनाव बदललं की दारं उघडतात, इन्स्पेक्टर काका होतो आणि भुयारातली पेटी आपली होते.

आता भागवतांना सोडू. आपल्याकडं वळू.

माझा बाप कल्याणच्या लोकोशेडमध्ये खलाशी होता. शिक्षण चौथी. पाळी संपली की तो बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्यानं आणायचा. झुंजार, काळा पहाड. अर्नाळकरांनी अशी हजारावर पुस्तकं लिहिली आणि समीक्षकांनी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. बाप बोट ठेवून वाचायचा, मग बोट सुटलं, मग ओठ हलायचे थांबले. पुढं ह्याच बापानं ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि दर पावसाळ्यात विहारात वाचून दाखवला.

१९८५ च्या सुमारास आमच्या मंडळाच्या बैठकीत मी जोरात बोललो होतो. रहस्यकथा, साहसकथा हे भरल्या पोटाचं वाङ्मय आहे, पलायनवादी आहे, शोषितांच्या जाणिवा बोथट करणारं आहे. टाळ्या पडल्या. बाप मागं बसून ऐकत होता. घरी जाताना एवढंच म्हणाला, ‘‘तू ज्याला शिव्या घातल्यास ना, त्याच्यामुळंच माला वाचाया आलं.’’ मी तेव्हा त्याला प्रबोधन कमी आहे असं समजून गप्प बसलो. प्रबोधन कुणाला कमी होतं ते आता कळतंय.

आपण साहसकथेला तुच्छ मानलं आणि ती जागा रिकामी सोडली. रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही. तिथं दुसऱ्यांची पोरं येऊन राहिली.

आपण पोरांना काय दिलं? आमच्या कपाटात दोन प्रकारची पुस्तकं आहेत. एक म्हणजे सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणलेल्या पातळ चरित्रपुस्तिका. त्यांचं मोल मला कळतं. माणसं उपाशी राहून ती विकत घेतात. पण त्यातल्या बऱ्याच पुस्तिकांत बाळ भीम पहिल्या पानापासूनच महामानव असतो. तो भीत नाही, चुकत नाही, पोरांत खेळत नाही. आठव्या वर्षी भाषण केल्यासारखं बोलतो. अशा पोराच्या पाया पडता येतं, त्याच्याबरोबर पळता येत नाही.

दुसरी म्हणजे आपली आत्मकथनं. ‘बलुतं’ १९७८, ‘उपरा’ १९८०, ‘अक्करमाशी’ १९८४, ‘उचल्या’ १९८७. मराठी वाङ्मयाचा कणा ह्या पुस्तकांनी बदलला, यात वाद नाही. त्यांच्यात बालपण ठासून भरलंय. पण त्यांच्यात बालपण असलं तरी बालवाचक नाही. ती मोठ्यांसाठी लिहिलेली, मोठ्यांच्या जगाला जाब विचारणारी पुस्तकं आहेत. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात फक्त तेवढंच दिलं तर तिला वाटेल, पुढं सगळा मारच आहे. तिला मार ठाऊकच आहे. मारातून वाट कशी काढायची, ते तिला वाचायचंय.

अण्णाभाऊ साठे हे ओळखून होते. वाटेगावचा, शाळेत दीड दिवस टिकलेला, बापाबरोबर पायी मुंबईला आलेला माणूस. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ ची, १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिचा सांगाडा पाहा. घोडे, तलवारी, रात्रीचे छापे, खजिन्याची लूट, पाठलाग. सगळा साहसकथेचा ऐवज. फरक असा की फेणेच्या साहसाला कुतूहल पुरतं, फकिराच्या साहसामागं उपाशी माणसं आहेत. आणि इथं कायदा नायकाच्या मागावर आहे. आठवीच्या पुढच्या पोरांना मी ‘फकिरा’ देतो आणि ती वाचतात. पण फकिरा हा बाप्या माणूस. दहा वर्षांच्या पोराएवढं पोर त्यात मध्यभागी नाही.

मग असं पोर कुठं आहे? मला ते फार उशिरा सापडलं, आणि ते माझ्याच कपाटात होतं.

बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत आपल्या काही आठवणी लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नावानं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्या १९९० साली छापल्या. पुढं महाराष्ट्र सरकारच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडातही त्या आल्या. त्यातली पहिलीच आठवण १९०१ सालची आहे. आपल्यातले बहुतेक जण ती जाणतात. पण आता ती कार्यकर्ता म्हणून ऐकू नका. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या पोरासारखी ऐका.

कल्याणहून साताऱ्याकडं चला. भीम नऊ वर्षांचा. आई गेलेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. त्यांनी पोरांना सुट्टीत बोलावलंय. भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीचे दोन मुलगे अशी चार पोरं, बरोबर मोठं माणूस कुणी नाही. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. आगगाडी तर आयुष्यात पहिल्यांदाच. संध्याकाळी पाचला मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कुणीच आलेलं नाही. एकेक करून सगळे उतारू निघून जातात. स्टेशनमास्तर प्रेमानं चौकशी करतो आणि पोरं सांगून टाकतात की आम्ही महार. मास्तरचा चेहराच बदलतो.

गाडीवाले बाहेर उभे आहेत, पण एकही यायला तयार नाही. दुप्पट भाडं देऊ म्हटलं तरी नाही. शेवटी तोड निघते. भाडं दुप्पट, बैल पोरांनी हाकायचे आणि गाडीवान बाजूनं चालणार. म्हणजे नऊ-दहा वर्षांची पोरं अंधारात अनोळखी रस्त्यावर बैलगाडी हाकत निघाली! डब्यात खायला आहे, पण प्यायला पाणी नाही. जे दिसलं ते शेणमुताचं. वाटेतल्या नाक्यावर मध्यरात्री भीम पाणी मागायला जातो. गाडीवानानं शिकवल्याप्रमाणं मुसलमान असल्याचं सांगतो, उर्दूत बोलतो. तरी पाणी मिळत नाही. अंगावर दागिने, दांडगा गाडीवान, किर्र रात्र. गाडीवान मारून टाकील की काय अशी भीती. तेव्हा भीम ठरवतो की सगळ्यांनी झोपायचं नाही. दोघांनी झोपायचं, दोघांनी जागायचं. पहाटे पाचला गाडीवान निघू म्हणतो, पोरं ठाम सांगतात, आठ वाजल्याशिवाय हलणार नाही. दुसऱ्या दिवशी अकराला गोरेगावला पोचतात. वडिलांना पत्रच मिळालेलं नव्हतं. नोकर द्यायला विसरला होता.

आता मला सांगा, साहसकथेला आणखी काय लागतं? पहिली आगगाडी आहे, हरवलेलं पत्र आहे, संशयी माणूस आहे, पैशाचा सौदा आहे, खोटी ओळख आहे, रात्रीचा पहारा आहे, आणि वेळेवर घेतलेला निर्णय आहे. त्यातही भागवतांच्या फरशीतला एकही दगड इथं नाही. दार बंद आहे. अधिकारी पाठ फिरवतो. नाव सांगितलं तर पाणी नाही, आणि नाव लपवलं तरी पाणी नाही. माझ्या पोरांनी कुलकर्णी हे नाव घेऊन जी युक्ती केली, ती त्या रात्री नाक्यावर करून झालेली आहे. ती चालली नाही, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे भीती. आपल्या पुस्तिकांतला बाळ भीम भीत नाही. खुद्द बाबासाहेबांनी मात्र चाळिशी ओलांडल्यावर, सगळ्या जगाच्या पदव्या घेतल्यावर, लिहिलंय की आम्ही भ्यालो होतो. त्यांना ते लिहायला लाज वाटली नाही. आपण त्यांच्यापेक्षा जास्त बाबासाहेबभक्त झालो आणि त्यांचं भिणंच काढून टाकलं. भिणं काढलं की पहारा कशाला, हे पोराला कळत नाही. आणि पहारा हीच तर त्या गोष्टीतली खरी करामत.

आपण ह्या आठवणीचं केलं काय? भाषणात दाखला दिला. अत्याचाराच्या यादीत पहिला क्रमांक दिला. पोरांना ऐकवून रडवलं. बाबासाहेबांनी ती परक्यांना अस्पृश्यता समजावी म्हणून लिहिली होती, तेव्हा दाखला म्हणून वापर चूक नाही. पण पोरांपुढं नेताना आपण त्यातल्या अपमानावर बोट ठेवलं आणि चार पोरांनी रात्र कशी काढली ते सांगायचं विसरलो.

पुढच्या रविवारी मी वह्या परत दिल्या. नावांबद्दल एक अक्षर बोललो नाही. खिडक्या ओढून घेतल्या आणि मसूरची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा ‘बाबासाहेब’ म्हटलंच नाही. चार पोरं म्हटलं. दोघं झोपली, दोघं जागी राहिली, इथं थांबलो. मागून एक पोरगा ओरडला, ‘‘सर, पयली पाळी कुणाची?’’

मी म्हटलं, तूच ठरव आणि लिही. ते दोघं रात्रभर काय बोलले असतील तेही लिही.

त्या दिवशी कुणी उठलं नाही. एकानं लिहिलं, दोघं एकमेकांना चिमटे काढत होते. एकीनं लिहिलं, आत्याच्या हातची भाकर डब्यात कडक होत चालली होती तिचा आवाज येत होता. ह्या गोष्टींत कुलकर्णी नव्हता. मग त्याच्या पुढच्या रविवारी सांगितलं, आता तुम्ही कधी रात्रभर जागलात ते लिहा.

एक पोरगी, सातवीतली, दोन पानं भरून घेऊन आली. २६ जुलै २०१९ ची रात्र. वालधुनीचं पाणी वस्तीत शिरलं. बाप गावाला. आई ठाण्याला कामाला गेलेली, गाड्या खोळंबल्या, ती तिकडंच अडकली. ही आठ वर्षांची, भाऊ तीन वर्षांचा. हिनं भावाला माळ्यावर चढवलं. दप्तर आईच्या साडीनं वरच्या वाशाला बांधलं. मग माळ्यावर बसून पाणी मोजलं. शेगडीपर्यंत आलं. डब्यांच्या खालच्या फळीपर्यंत आलं. दुसऱ्या फळीला लागलं आणि थांबलं. शेजारची मावशी मधून मधून पत्र्यावर थाप मारायची आणि विचारायची, ‘‘हाय का?’’ ही आतून सांगायची, ‘‘हाय.’’ रात्रभर हे चाललं. हाय का? हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली.

त्याच रात्री बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांना दुसऱ्या दिवशी होड्यांनी बाहेर काढलं. सगळ्या पेपरांत फोटो आले. ते यायलाच पाहिजेत. पण तिथून पुढच्या नदीकाठी एका पोरीनं पाण्यावर पहारा ठेवला होता, ही बातमी चार वर्षांनी त्या पोरीनंच लिहिली तेव्हा कळली.

आता माझी चूक सांगतो. विहाराच्या भित्तिपत्रकासाठी ती गोष्ट मी स्वच्छ अक्षरात उतरवली. उतरवताना ‘हाय का’चं ‘आहेस का’ केलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं की अशा रीतीने संकटकाळी धीर सोडू नये. पोरगी भिंतीसमोर उभी राहून वाचत होती. वळून म्हणाली, ‘‘सर, मावशी असं बोलतच न्हाई. आन् ह्ये शेवटचं मी लिवलेलं न्हाई.’’ मी खिशातलं पेन काढून तिला दिलं. तिनं माझं वाक्य खोडलं, ‘आहेस’ खोडून ‘हाय’ केलं आणि पेन परत दिलं. बाकी कशाला हात लावला नाही.

चाळीस वर्षं मी प्रस्थापितांच्या भाषेवर लेख लिहितोय. पोरीच्या गोष्टीत तीच भाषा मी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवली होती.

म्हणून आपल्यातल्या लिहिणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो.

नायकाला आपलं नाव आणि आपला पत्ता द्या. नदी असेल तर वालधुनी म्हणा, उल्हास म्हणा, खाडी म्हणा. पण नुसतं नाव बदलून भागणार नाही. फेणेला कांबळे केलं आणि फरशी तीच ठेवली, तर तो वेषांतर केलेला फेणेच. दार बंद असेल तर गोष्टीतही बंद असू द्या. वाट पोराला काढू द्या. शेवटी चोर पोलिसाच्या हवाली झालाच पाहिजे असं नाही. आपल्या गोष्टीत अनेकदा चोर म्हणून एक माणूस दाखवताच येत नाही. मसूरच्या पोरांनी कुणाला पकडलं? ती पोचली, हाच त्यांचा विजय.

भीती लिहा. जोडीदार लिहा. आपला नायक एकटा कधीच नसतो, पत्र्यावर थाप मारणारी मावशी असते. शेवटचा उपदेश मात्र लिहू नका. पोरांना तो दोन पानं आधीच कळलेला असतो.

आणि हसायला विसरू नका. सगळं पाणी, तहान, पूर असंच पाहिजे असं नाही. ज्यानं पहिली पाळी कुणाची विचारलं, त्या पोरानं पुढं एक गोष्ट लिहिली. पारसिकच्या बोगद्यात बारा डब्यांची गाडी शिरते आणि तेरा डब्यांची बाहेर येते. तेराव्या डब्यात शाळा सोडलेली पोरं पत्ते खेळत बसलेली असतात. त्यांना उतरवायला जो पोरगा चढतो त्याचं आडनाव ह्याचंच आहे. वाचून पोरं लोळली. विद्रोहाला हसण्याचं वावडं आहे असं कुणी सांगितलं?

हा प्रश्न आपल्या एकट्यांचा नाही. अमेरिकेतल्या काळ्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० सालीच मांडलं की पोराला पुस्तक खिडकीसारखंही पाहिजे आणि आरशासारखंही. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेनं २००८ साली दलित, मुसलमान घरांतल्या पोरांच्या गोष्टी तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत काढल्या. मराठीत एवढी मोठी दलित साहित्याची चळवळ झाली. २०१० साली ठाण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद उत्तम कांबळ्यांकडं आलं. व्यासपीठ मिळालं, पण पोरांचं कपाट आपण भरलं नाही.

कपाट भरायला मोठा पैसा लागत नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, बाबासाहेबांच्या जन्माआधी २७ वर्षांचं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. पोरांना हाताला धरून तिथं घेऊन जा. फास्टर फेणे मागा, खुशाल मागा. मी त्याला कपाटातून काढलेला नाही. खिडकी बंद करून आरसा लावायचा नसतो. पण परत आल्यावर पोराच्या हातात कोरी वही द्या आणि त्याची शेवटची हरवलेली पानं त्याला लिहू द्या.

आमच्या कपाटात आता फेण्याच्या शेजारी दोरीनं शिवलेल्या वह्या आहेत. जास्त नाहीत. पण कपाट उघडलं की पोरं आधी त्या ओढतात, कारण त्यात कोण कोण आलंय ते बघायचं असतं.

तुमच्या वस्तीत, मग ती कोपरीला असो, मुंब्र्याला असो नाहीतर डोंबिवलीच्या एमायडीसीमागं, एक रविवार ठरवा. मसूरच्या चार पोरांची गोष्ट सांगा, दोघं जागी राहिली इथं थांबा, आणि पहिली पाळी कुणाची ते पोरांना ठरवू द्या. त्यांनी लिहिलेलं इकडं पाठवा. आम्ही छापू. एक अक्षर न सुधारता छापू.

जयभीम.